पुराव्याचा पेपर आणि बाळगोळी

पोर निळं पडत होतं. आठ महिन्यांचं, माझ्या मांडीवर ओल्या पंच्यासारखं लोंबत होतं. पापणी उचलून बघितली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"अफू कुणी दिली?"

"आमच्या घरात अफू न्हाय," पोराच्या आईची सासू म्हणाली.

मी तेव्हा बेळगावात दवाखान्यात मिडवाइफ होते. मराठी चौथी, वर ट्रेनिंग. बाहुली बारीक आणि श्वास मंद म्हणजे अफू, हे ओळखायला तेवढं पुरतं. तेव्हा घरोघर मोहरीएवढी अफू पोराला चाटवत. बाळगोळी म्हणत. पोर झोपतं, बाई कामाला मोकळी. इथली बाई, विमल, लॉ कॉलेजात शिकत होती. अकराला पेपर म्हणून गेली होती. घर निपाणीच्या तंबाखूवाल्यांचं. सून वकील होणार म्हणून सासू सहा महिने तिच्याशी धड बोलली नव्हती.

दवाखान्यातून डॉक्टर आले. "शेवटची गोळी तासाभरातली असेल तर नळी घालून पोट धुऊ. आधीची असेल तर धुऊन उपयोग नाही, उलट नळीनंच पोर जाईल. कधी दिली?"

सासू भिंतीकडे बघू लागली, नणंद कुसुम पदराकडे.

दोष माझा होता. मागच्या खेपेला मीच दम दिला होता, "परत अफू दिलीत तर फौजदाराला आणीन." आता कोण बोलणार?

विमलचा नवरा सायकलवरून तिला आणायला गेला. मी पोराच्या तळव्यांवर टिचक्या मारत बसले. श्वास थांबला की टिचकी, टिचकी मारली की एक श्वास.

विमल आली. बोटांना शाई. रडली नाही. सासूसमोर बसली.

"आत्ती, मी गेल्यावर बाळ रडलं?"

"आंघोळीनंतर, जरासं."

"एरवी तासभर रडतंय. आज गप कसं झालं?"

"झालं आपलं."

"घेतलंत कडेवर?"

"न्हाय. कंबर दुखतीय."

"मग?"

सासूनं डोळे मिटले. "तुझा पेपर हाय म्हणून दिली गं. मोहरीएवढी. दहाला."

"कुसुम?"

"वैनी, साडेअकराला चुळबूळ कराय लागलं. मला वाटलं, आईनं दिली न्हाय. म्हणून मीबी दिली."

विमल पुढचं विचारायला तोंड उघडून तशीच थांबली.

"आणि सातला मी," ती म्हणाली. "त्याच डबीतली."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. सव्वाबारा. "नळी."

विहिरीत टाकतात ती जांभळी पूड पाण्यात कालवून आम्ही पोट धुतलं. पाणी आत जांभळं जायचं, बाहेर तपकिरी यायचं. चार वेळा. सासू दारातून म्हणाली, "ह्या शिक्षणापायी पोर गेलं असतं."

"आजी, शिकत एकटीच होती," डॉक्टर नळी काढत म्हणाले. "गोळी तिघींनी दिली."

चारच्या सुमाराला पोर रडलं. त्या दिवशी त्याला कुणीही गप केलं नाही.

तेव्हापासून मी कुणाच्या घरी गेले की आधी विचारते. दम नंतरही देता येतो.

विमल त्या पेपरात नापास झाली. पेपर पुराव्याच्या कायद्याचा होता. पुढच्या वर्षी सुटला.

पोरगं जगलं.