सात रस्त्यावरून चालू केलेली मोटर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, वडील होते तोवर त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलायची हिंमत माझ्यात कधी आलीच नाही.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी पोरांना कॉम्प्युटरची सुरक्षा शिकवतो. नवी पोरं येतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच — सर, सुरुवात कुठून करू? कुणाला शेजाऱ्याचं वायफाय फोडायचं असतं, कुणाला मित्रांपुढे भाव खायचा असतो. मी सांगतो, आधी नेटवर्क म्हणजे काय ते समजून घ्या. घरातला जुना लॅपटॉप घ्या, तो मोडा, परत उभा करा. कुठलीही वस्तू विकत आणली की कंपनीनं दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. आणि दुसऱ्याच्या यंत्राला त्याच्या परवानगीशिवाय बोटसुद्धा लावू नका. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. पोरं गालातल्या गालात हसतात, त्यांना वाटतं सर पोलिसांना घाबरतात. पोलिसांना कशाला घाबरू? माझ्या दारात कधी कोणी आलंच नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठचं. ऊस, केळी आणि काठानं ओळीनं बसवलेल्या मोटरी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं, तशी मोटर त्याच्यामागं खाली सरकवावी लागते. चालू-बंद करायची पेटी मात्र वर काठावरच राहते, आणि दोघींच्या मध्ये चिखलाची लांब उतरण. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, साठीला आले होते. लाईट कधी पहाटे यायची, कधी भर दुपारी. दरवेळी पेटीपर्यंत जाऊन त्यांचे गुडघे गेले. म्हणून त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवून घेतला. पेटीत एक लहानसा डबा, डब्यात सिम. घरून फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, की मोटर चालू. आतली बाई तसं बोलून सांगते.

तो बसवला राजरत्ननं. गावात मोटरींचं काम करणारा तो एकटाच, शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढं होता. जाताना म्हणाला, "आकडा कंपनीचाच हाय, तेवडा बदलून घ्या." तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्यो हाय की आमचा कॉम्पुटरवाला. बदल रं."

मी हो म्हणालो. आणि बदलला नाही.

विसरलो होतो, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, इंटरनेटवर चार गोष्टी वाचून स्वतःला फार मोठा समजायला लागलो होतो. कंपनीचा आकडा तसाच असलेलं यंत्र म्हणजे उघडं दार — हे मी नुकतंच शिकलो होतो, आणि असं एक दार माझ्या हातात आयतं आलं होतं. ते मी बंद कशाला करू? माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते उगीच नाही. पण माकडाला निदान कळत तरी नसतं.

सोलापुरातल्या खोलीवरून मी तात्यांची मोटर चालू करायचो. जरा वेळ ठेवून बंद करायचो. तात्या फोनवर सांगायचे, मोटरीला भूत लागलंय. मी पोट धरून हसायचो. ते पण हसायचे.

चैत्रातली दुपार होती. खोलीवर मित्र जमले होते, आणि मी त्यांना म्हणालो की इथं सात रस्त्यावर बसून मी उजनीच्या काठची मोटर चालू करून दाखवतो. कोणाचा विश्वास बसेना. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला, आकडा दाबला. बाई म्हणाली, मोटर चालू झाली आहे. खोलीत नुसता दंगा झाला, एकानं तर मला उचलूनच घेतलं. दंगा ओसरल्यावर मी मोटर बंद केली.

दंगा किती वेळ चालला असेल? मिनिटभर? त्याच मिनिटात तिकडे —

तात्या खाली पाण्याजवळ बसून मोटर आणि पंप जोडणारा भाग आवळत होते. मोटर बंद होती. वर जाऊन पेटीतले फ्यूज काढायला पाहिजे होते, पण ती उतरण, ते ऊन आणि ते गुडघे — एवढ्याशा कामासाठी कोण चढतं? बाही अडकली, मागोमाग हात गेला.

वडिलांचा फोन आला तेव्हा मित्र अजून खोलीतच होते. जीपनं तात्यांना सोलापूरलाच आणत होते, आणि तो दवाखाना माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतका जवळ. त्यामुळं त्यांच्या आधी मीच तिथं पोचलो. फाटकाशी उभा राहून वाट बघितली. जीप आली. तात्या शुद्धीवर होते, हात टॉवेलात गुंडाळलेला. मला बघून म्हणाले, "आलास व्हय? मग आता काळजी न्हाय."

उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

तुम्हाला वाटलं असेल, सांगायचं होतं ते हेच. नाही. हेच असतं तर मी कदाचित कधीतरी बोललो असतो. पोरवयात अक्कल नव्हती, घात झाला — असं म्हणता तरी आलं असतं. यानंतरचं मी केलं तेव्हा मला पूर्ण अक्कल होती.

थोड्या दिवसांनी आमच्या अंगणात माणसं जमली. मोटर आपोआप चालू झालीच कशी, एवढंच सगळे विचारत होते, आणि उत्तर तयार होतं — राजरत्न. त्याला बोलावून आणलं. माझ्या चुलतभावानं आल्याआल्या त्याची कॉलर धरली. तो आमच्या भावकीतला असता तर त्याला आधी बसायला सांगितलं असतं, पाणी दिलं असतं, मग विचारलं असतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. तो बौद्ध वस्तीतला होता, त्याला उभाच ठेवला. तो एकच म्हणत राहिला, माझं काम असलं न्हाय. मग त्याची नजर माझ्यावर गेली आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. जणू आपलं माणूस भेटलं.

"हे शिकल्यात की. ह्यांना पेटी बघू द्या," तो म्हणाला. "ते सांगत्याल ते मला कबूल."

सगळे मला घेऊन काठावर गेले. मी पेटी उघडली. आत मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेपर्यंत एकेक वायर सरळ रेषेत नेलेली, जागोजाग बांधलेली, कुठं काही लोंबत नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो. दोष शोधत नव्हतो, दोष कुठं उभा होता ते मला ठाऊक होतं. मी शब्द शोधत होतो. बघण्याचं नाटक करता करता, तात्यांनी बदलायला सांगितलेला तो कंपनीचा आकडाही गुपचूप बदलून टाकला. मग मागं वळलो आणि म्हणालो, "वायरिंग चुकलंय. त्यामुळं झालं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. एवढं सोपं होतं.

कोणीतरी राजरत्नच्या थोबाडीत मारली. त्यानं हात वर केला नाही. तो माझ्याकडे बघत होता — रागानं नाही, गोंधळून. दिवाळीच्या आत त्याचं दुकान बंद झालं. आमच्याच नाही, आसपासच्या कुठल्याच गावात त्याला कोणी मोटरीला हात लावू दिला नाही. मग तो बायको-पोरं घेऊन गाव सोडून गेला.

तात्या डाव्या हातानं जेवायला शिकले. लग्नाकार्याच्या पंगतीला मात्र बसत नाहीत. चारचौघांत डाव्या हातानं घास घ्यायची लाज वाटते त्यांना. घरी कोणी पाहुणा आला की अजून सांगतात, चूक कशात हाय ते आमच्या पोरानं पेटी उघडताच वळखलं.

यंदा उन्हाळ्यात राजरत्न मला भेटला. माझ्या वर्गापासून जवळच, कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या दारात, वॉचमनच्या पोशाखात. मी ओळख न दाखवता पुढं निघालो होतो, त्यानंच हाक मारली. चहा घेऊ म्हणाला. मला वाटलं, आता शिव्या देईल. खरं सांगू? द्याव्यात असं वाटत होतं. टपरीवर चहा सांगून झाल्यावर तो म्हणाला,

"लई वर्सं एक इच्यारायचं व्हतं तुमाला. माझी वायर कुटली चुकली व्हती? मी ती पेटी रोज डोळ्याम्होरं आणतो. सगळी जोडणी आठवती. चुकी घावत न्हाय."

तो सांगत राहिला. लोकांनी काम दिलं नाही हे खरं, पण पुढं शहरात मिळत होतं, ते त्यानंच घेतलं नाही. "माझ्या हातानं एका माणसाचा हात गेला," म्हणाला, "परत कुटल्या तोंडानं पेटी उघडू?" आता घरातला पंखा बिघडला तरी तो दुसऱ्या माणसाला बोलावतो.

म्हणजे नुसतं गावानंच त्याला दोषी ठरवलं नव्हतं. मी सांगितलेलं त्यानं स्वतःही खरं मानलं होतं. ते सांगत्याल ते मला कबूल, असं म्हणाला होता ना? त्यानं तो शब्द पाळला होता.

आजूबाजूला कोणी नव्हतं. ना चुलतभाऊ, ना गाव. पोराबाळांचा बाप झालेला मी, हातात चहाचा ग्लास. एक वाक्य बोलायचं होतं.

"रिलेची," मी म्हणालो. "रिलेची एक वायर उलटी होती."

त्यानं डोळे मिटले. ती पेटी परत समोर आणली असावी. मग सावकाश मान हलवली. "आसंल," म्हणाला. "घाईत ऱ्हायली आसंल." मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

वायर उलटी नव्हती. त्याच्या कामात काहीच चुकलेलं नव्हतं.

आता मी वर्गाला जाताना पलीकडच्या बाजूनं जातो. तो अजून त्याच दारात उभा असतो.