रंग उडालेलं पोस्टर

दौंडला स्टेशनाजवळ एका माणसाची व्हिडिओ लायब्ररी होती. सीडी आल्या, त्यानं दुकान आवरायला काढलं, तेव्हा मी कॅसेटांबरोबर येणारी सिनेमाची पोस्टरं विकत घ्यायला गेलो. आमच्या पोस्टरं जमवण्याच्या छंदात कधीच न लावलेल्या पोस्टराला भाव असतो. कपाटातली कोरी तेवढी मी निवडली.

मग त्यानं दारावरचं काढून पुढं केलं. उन्हानं लाल रंग पार उडाला होता, हिरो निळा पडला होता.

"याला किंमत नाही," मी म्हणालो.

त्यानं तळव्यानं त्यावरची धूळ पुसली. "गिऱ्हाईक ह्याला बघून आत यायचं. कपाटातली कुणी बघितलीबी न्हाईत, आन् त्यास्नी किंमत व्हय?"

मी हो म्हणालो.

त्यानं माझी पोस्टरं नीट गुंडाळून दिली. मी बाहेर पडलो, तेव्हा तो ते निळं पोस्टर जुन्याच भोकांत टाचण्या खोचून पुन्हा दारावर लावत होता.