कातिल दर्जीचा पाचवा भाग

शिरूरच्या त्या वस्तीत मायाला सगळे ‘बाई’ म्हणायचे. अंगणवाडीची बाई. रविवारी विहारात वंदना घेताना पहिला आवाज तिचाच. जयंतीला ती बोलायला उभी राहिली की मागं टगेगिरी करणारी पोरंही गप्प बसत. पालकांच्या सभेत ती आयांना बजावायची, “पोरांच्या हातात मोबाईल देऊ नका. त्यात काय काय दाखवत्यात, तुमाला ठावं न्हाई.”

तिला मात्र ठाऊक होतं.

दुपारी अंगणवाडीला कुलूप लावून घरी आली, जेवण उरकलं, भांडी पालथी घातली, की माया आतल्या खोलीत जायची. नवरा नागसेन रांजणगावला कंपनीत, मुलगी तेजश्री बारामतीला शिकायला. घरात चिटपाखरू नसायचं, तरी ती दार लोटून घ्यायची, कानात वायर घालायची आणि मोबाईलवर भुताखुनाचे पिक्चर बघायची. तेही धड नव्हेत. कुठल्यातरी परदेशात चार पैशांत काढलेले आणि हिंदीत बोलायला लावलेले. एकाच पिक्चरचे चार-चार, पाच-पाच भाग. खुनी तोच, जंगल तेच, नुसती मरणारी माणसं नवी.

एकदा तेजश्री न सांगता सुट्टीला आली आणि तिनं आईला तसं पकडलं. पडद्यावर एक बाई किंचाळत पळत होती आणि माया तोंडात पदर धरून हसत होती.

“आई! हे काय बघतीस तू?”

मायानं मोबाईल उशीखाली सारला. कान गरम झाले. “आपोआप लागलं बाई कायतरी,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. एवढी पोक्त बाई, पण दोन दिवस तिला लेकीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

लेकीला काय सांगणार? ही खोड तिला केंदूरला लागली होती.

माया लग्न होऊन केंदूरच्या घरात आली आणि तीन-चार वर्षांनी धाकट्या दिराचं, पप्पूचं लग्न झालं. सीमा जाऊ म्हणून आली. सीमा अंगानं काडी आणि तोंडानं फटाकडी. दुपारी सासरे म्हाळूआबा आणि सासू ताईबाई रानात गेले की घर दोघी जावांचं. पप्पूनं हौसेनं सीडीचा प्लेअर आणलेला होता. सीमानं त्याला पाबळच्या दुकानातून भीमगीतांच्या सीड्या आणायला सांगितल्या, आणि दुकानदारानं कव्हरात भलतीच घालून दिली. तो ‘कातिल दर्जी’.

हा दर्जी म्हणजे चिंध्या शिवून केलेला मुखवटा घातलेला माणूस. गळ्यात मापाची टेप, हातात ही एवढी कात्री. माणूस गाठला की आधी टेपनं त्याचं माप घ्यायचा, मगच मारायचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा दोघी एकमेकींना अशा बिलगल्या की सीमाच्या बांगड्या मायाच्या हातात रुतल्या. दुसऱ्यांदा लावला तेव्हा नीट बघितलं. रक्त म्हणजे सरळसरळ गुलाबाचं सरबत. पोलिसाला आणि खुन्याला एकाच माणसाचा आवाज. सुरुवातीला मुंडकं उडालेला म्हातारा पुढं चहाच्या टपरीवर मजेत उभा. सीमा ओरडली, “ताई, ह्यो बघा! ह्यो मघाशीच मेला न्हवं?” आणि हसून हसून दोघींच्या पोटात कळा आल्या.

मग दुसरा भाग आणला, तिसरा आणला. प्रत्येक भागाच्या शेवटी दर्जी मरायचा. एकदा जाळला, एकदा विहिरीत लोटला. प्रत्येक वेळी तो परत यायचा, आणि प्रत्येक वेळी कसा आला याचं कारण आधीच्यापेक्षा बावळट असायचं. ते कारण काय असेल यावर दोघी भाकऱ्या थापताना आठवडाभर वाद घालत. कुणाचं पोलकं घट्ट झालं की सीमा म्हणायची, “दर्ज्याला बोलवा, माप घेऊन जाईल.” ताईबाई म्हणायच्या, “ह्या पोरींना कशाचं हसू येतंय कुणास ठाऊक.”

एका दुपारी ताईबाई रानातून लवकर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. सीडी बंद करायला वेळच मिळाला नाही. दोघी सुना भिंतीला चिकटल्या. सासूबाईंनी थोडा वेळ पडद्याकडं बघितलं, मग खाली बसत म्हणाल्या, “ह्यो कापडं कवा शिवतो मग?”

मायाला पुढं खूप वर्षांनी एक गोष्ट उमगली. सासरच्या घरात मोठ्यानं ओरडायची मुभा तिला फक्त त्या पिक्चरपुढं होती. एरवी हळू बोलायचं, हळू चालायचं. पण पडद्यावर कात्री उगारली की दोघी जावा घर दणाणून जाईल असं किंचाळत, आणि किंचाळून झालं की अंग कसं हलकं व्हायचं. तसं हलकं तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

चौथा भाग बघितला आणि घर पांगलं. पप्पूला रेल्वेत नोकरी लागली, तो सीमाला घेऊन दौंडला गेला. नागसेननं शिरूरला बिऱ्हाड केलं. तरी जाणं-येणं होतं. ताईबाई गेल्या तेव्हा दोघी जावांनी एकाच ताटात दोन घास खाल्ले. बिनसलं ते म्हाळूआबांच्या वेळी.

आबा आजारी पडले. पप्पूनं त्यांना उपचाराला दौंडला नेलं. एका दुपारी ते अचानक गेले. नागसेन कामावर होता आणि कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागायचा. निरोप मिळून तो मायाला घेऊन दौंडला पोचेपर्यंत चिता पेटली होती. आभाळ भरून आलं होतं, जमलेली माणसं थांबू नका म्हणत होती, पप्पूनं ऐकलं. नागसेन लांबूनच धुराकडं बघत उभा राहिला. भावाशी एक शब्द बोलला नाही. परतीच्या गाडीत तो मायाला एवढंच म्हणाला, “माझ्या बापाचं तोंड बघू दिलं न्हाई त्यानं.” त्या दिवसापासून दौंडचं नाव घरात निघालं नाही.

जावांचं काही भांडण नव्हतं. सुरुवातीला चोरून फोन व्हायचे. पण नवऱ्यांचं सोडून बोलायचं म्हटलं की बोलणं पुढं सरकायचं नाही, आणि त्यांचं काढलं की दोघींनाही आपापल्या नवऱ्याची बाजू घ्यावी लागायची. फोन कमी झाले, मग थांबले. नंतर माया मोबाईलवर असले पिक्चर शोधायला शिकली. ‘कातिल दर्जी’चा पाचवा भाग तिला सापडला तेव्हा तिनं सवयीनं बाजूला हात टाकला. तिथं उशी होती. बघून झाल्यावर वाटलं, हे कुणाला सांगायचं? दर्जी कसा परत आला, हे ऐकण्यात जगात एकाच बाईला रस होता.

पावसाळा सरता सरता तेजश्री घरी आली. येता-जाता ती दौंडच्या स्टँडवर गाडी बदलायची. तिथं तिला सायली, सीमाची मुलगी भेटली होती. तेजश्रीनं बापाचं जेवण होऊ दिलं, तो बाहेर गेल्यावर म्हणाली, “आई, काकूला दिसत न्हाई आता.”

“म्हंजी?”

“शुगरमुळं. पडदा खराब झाला डोळ्यांचा. पुण्याला इंजेक्शनं झाली, लेझर झालं. सायली म्हणत होती, उजेड तेवढा कळतो.”

माया ओट्यापाशी उभी होती. तिनं गॅस बंद केला. त्या संध्याकाळी तिनं नागसेनला विचारलं नाही, सांगितलं. “मी रविवारी दौंडला चाललेय. सीमाचे डोळे गेले.”

नागसेननं वर बघितलं नाही. पण रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा त्यानं गाडी बाहेर काढून ठेवलेली होती. स्टँडवर तिला उतरवून तो तसाच वळला.

एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दुसरी गाडी दौंडला. माया सगळ्या वाटेनं काय बोलायचं ते ठरवत होती आणि मोडत होती.

सीमाचं घर स्टेशनापलीकडं होतं. दार सायलीनं उघडलं. सीमा कॉटवर बसून लसूण सोलत होती, बोटांनी चाचपून. अंग भरलं होतं. तिनं मान वर केली, पण मायाच्या खांद्यापलीकडं कुठंतरी.

“कोण हाय गं?”

सायली म्हणाली, “मम्मी, शिरूरची मोठीआई आलीय.”

लसणाची पाकळी सीमाच्या हातातच राहिली. मग ती अगदी परक्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, “जय भीम, ताई. बसा.”

चहा झाला. औषधांचं बोलणं झालं. “उजेड कळतो,” सीमा म्हणाली, “दार कुठं हाय त्ये कळतं. माणूस कळत न्हाई.” तेजश्रीच्या अभ्यासाचं झालं, सायलीच्या नोकरीचं झालं. मग बोलणं संपलं. बाहेरून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. मायाला वाटलं, उगाच आले. आता उठावं.

आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. “सीमे, दर्ज्याचा पाचवा भाग निघालाय.”

सायली एकीकडून दुसरीकडं बघायला लागली. मग सीमाच्या कपाळाला आठी पडली.

“असा कसा निघाला? चौथ्यात तर त्यो रेल्वेखाली गेला व्हता.”

“त्ये मढं दुसऱ्याच कुणाचं व्हतं.”

“वाटलंच मला!” सीमानं मांडीवर थाप मारली. लसणाची सालं उडाली. “मी तवाच म्हणले व्हते का न्हाई? बूट येगळे व्हते त्याचे! तुमी म्हणला, पिच्चरवाल्यांची चूक हाय.”

“म्हणले खरी.”

“मग? सांगा की! कुठं व्हता मेला इतकी वर्षं?”

माया पाय वर घेऊन कॉटवर मांडी घालून बसली. पाचवा भाग तिनं पहिल्यापासून सांगितला. दर्जी कसा एका शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायला येतो, पोरं हौसेनं माप द्यायला रांगेत कशी उभी राहतात. सीमा मध्ये मध्ये अडवायची. पोरीचा फ्रॉक कसला? लाईट कवा गेली? आवाज कुणाचा आला? मायानं सायलीच्या ओढणीची टेप केली आणि सीमाच्या गळ्याभोवती टाकली, तशी सीमा अशी किंचाळली की शेजारची बाई खिडकीत आली.

पप्पू ड्युटीवरून आला तो दारातच थबकला. त्याची बायको डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती आणि वहिनी हवेत कात्री चालवत होती. माया पटकन सावरून बसली. त्यानं हातपाय धुतले, आत जाऊन सायलीला आणखी भाकऱ्या टाकायला सांगितल्या. बाहेर येऊन म्हणाला, “वहिनी, जेवल्याबिगर जायचं न्हाई.” आणि जरा वेळानं, खाली बघत, “दादाची तब्येत बरी हाय का?”

“हाय,” माया म्हणाली.

दिवेलागणीला ती शिरूरला उतरली तेव्हा नागसेन स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. घरी जेवताना त्याचा हात थांबला.

“आबांचा फोटो हाय का तिथं?”

“हाय. दारासमोरच.”

“कसला?”

“फेट्यातला. आपल्या लग्नातला.” माया पुढं म्हणाली, “शेवटच्या दिवसातला एक भाऊजींच्या मोबाईलमधी हाय म्हणं. मागू का?”

नागसेननं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. “बघू,” तो म्हणाला. ते ‘बघू’ अजून तसंच आहे. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. पण मायाला दौंडला जायला त्यानं कधी नको म्हटलं नाही.

ती जमेल तसं जात राहिली. सहावा भाग तिनं घरी बघून, लक्षात ठेवून नेला. तो सांगायला लागली आणि सीमानं तिला मध्येच थांबवलं.

“ताई, तुमी आधी बघून येत जाऊ नका.”

“का गं?”

“तुमाला पुढचं ठावं असतं. आवाजात कळतं. तुमी भ्यालेल्या नसता. मी एकलीच भिते.”

मग सातवा भाग दोघींनी मिळून लावला. मोबाईल पातेल्याला टेकवून ठेवला. सीमा ऐकायची, माया दिसेल तसं बोलायची. “पोरगी जिन्यात हाय… आता दाराला हात लावला… दार उघडंय…” बोलता बोलता तिचा आवाज बंद झाला.

“डोळं झाकलं न्हवं तुमी?” सीमा ओरडली. “ताई, उघडा की! मला कोण सांगणार?”

“थांब, त्याला जाऊ दे!”

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या, दोघींनाही काही दिसत नव्हतं, आणि पडद्यावर कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं.

पिक्चर संपला. भाग अगदीच भिकार होता, यावर दोघींचं एकमत झालं. सीमानं मायाचा हात सोडला नव्हता. ती बोटांनी तिच्या मनगटावरून, कोपरावरून चाचपत राहिली.

“ताई, एक गंमत सांगू? तुमी बोलायला लागला की मला तुमी दिसता. पण केंदूरच्या. ती हिरवी साडी, लांब वेणी. आबांच्या मातीनंतर तुमाला बघितलंच न्हाई ना मी. तवा डोळं व्हतं मला.” तिचा हात मायाच्या केसांपाशी आला आणि थांबला. “पांढरं झालं का?”

“झाले. पुढनं सगळे.”

“चेहरा?”

“आत्यासारखा होत चाललाय.” केंदूरला सासूला दोघी जावा आत्याच म्हणायच्या.

सीमा हसली. मायाला वाटलं, एक फोन तरी करायचा होता. तेव्हाच कधीतरी गाडीत बसून यायचं होतं. न्हावऱ्यावरून अशी कितीशी वाट होती? हिनं आपल्याला म्हातारं होताना बघितलं असतं, आपण हिला. 

गाडीची वेळ झाली. सायली तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाली. सीमा भिंतीला धरत दारापर्यंत आली. माया रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि तिनं मागं वळून बघितलं. सीमा उंबऱ्यात उभी राहून हात हलवत होती. माया जिथून आता निघून गेली होती, त्या बाजूला.

“इकडं, सीमे!” मायानं हाक मारली.

सीमानं आवाजाकडं तोंड वळवलं आणि दुसराही हात वर केला.