आईच्या अंगठीतला पाचू

एडिल्मा तिबादुइसा जडावाचं काम करते. बोगोतात पाचूचे दलाल जिथे दिवसभर उभे असतात, त्या रस्त्यावर माडीवरच्या खोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी. ती खडे बसवते, मी पॉलिश करतो. पाचू ठिसूळ, कोंदणाची नखी जरा जास्त दाबली की संपला. पण तिच्या हातून खडा गेलेला मी पाहिला नव्हता.

तिची आई वारली आणि मागे एक अंगठी राहिली. मधला पाचू वडिलांनी मुसोच्या खाणीतून आणलेला, भोवतीचे हिरे आजीच्या कुड्यांतले, जुन्या कटाचे. ते आजच्या हिऱ्यांसारखे लखलखत नाहीत, आतून संथ पेटल्यासारखे दिसतात. धाकटी बहीण अरासेली सोगामोसोला राहते, आई शेवटी तिच्याकडेच होती; तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पाचू तुला, हिरे मला, असं तिने फोनवर सुचवलं. एडिल्मा हो म्हणाली.

हो म्हणाली खरी, पण तेव्हापासून तिचं बूड एका जागी ठरेना. अंगठी काढायची, भिंगाखाली धरायची, परत ठेवायची. उठून कॉफी करायची आणि तशीच गार होऊ द्यायची. खडे मी काढून देतो म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली. शेवटी तिने भिंग माझ्या हातात दिलं. पाचूत रेषा असतातच, पण ही एक रेषा या अंगापासून त्या अंगापर्यंत गेली होती. खडा केवळ कोंदणाने धरून ठेवला होता.

तिने बहिणीला फोन केला. रेषेचं न सांगता, मोडायला नको, अख्खी अंगठी तूच घे, एवढंच म्हणाली. अरासेलीला तो उपकार वाटला. मला तुझं दान नको, ठरलंय तसं कर, नाहीतर मीच येते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

आणि खरंच आली. ओला कोटही न काढता समोरच्या स्टुलावर बसली. एडिल्माने एकेक हिरा सोडवला, कागदावर ठेवला. मग पाचूच्या नख्या उचलायला घेतल्या. शेवटची नखी वर आली आणि खड्याचे दोन तुकडे टेबलावर पडले.

एडिल्मा ताडकन उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"बस गं," अरासेली म्हणाली. "तुझ्या हातून नाही फुटला."

"मग कुणाच्या?"

"आईच्या. शेवटी शेवटी ती रात्रंदिवस हात आपटायची. पलंगाच्या लोखंडी दांडीवर. अंगठी काढू गेले तर चावायची मला."

"आई? चावायची?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फोन करायचीस, आई जेवली का विचारायचीस. जेवली होती, म्हणून जेवली म्हणायचे."

एडिल्मा बसली. पलंग कुठल्या भिंतीला होता, रात्री जवळ कोण असायचं, हात बांधावे लागले का, असं एकेक विचारत राहिली. अरासेली सांगत गेली. बांधावे लागले होते. मी पॉलिशचं यंत्र बंद केलं आणि खाली जाऊन तिघांसाठी आरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, घेऊन आलो. त्या दोघींनी निम्मेच खाल्ले.

संध्याकाळी एडिल्मा बहिणीबरोबर सोगामोसोच्या बसमध्ये चढली. आठवडाभर कामावर आली नाही. परतल्यावर तिने भाचीसाठी हिऱ्यांची अंगठी घडवली, मध्ये दुसरा खडा न घालता. पाचूचे तुकडे पुन्हा पैलू पाडायला द्यावेत की तसेच ठेवावेत, हे तिचं अजून ठरत नाही. मला विचारते आणि माझं उत्तर पुरतं ऐकून घेत नाही.

लग्नाला मीही गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर एडिल्मा दर थोड्या वेळाने नवरीचा हात ओढून अंगठीच्या नख्या चाचपत होती.

"मावशी, हात सोड ना," पोरगी म्हणाली. "सूप गार होतंय."