रहाडीतली उडी

जिवंत माणसाला स्वतःच्याच हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडताना मी पाहिलं आहे. मी शेजारीच उभा होतो, आणि फोटोही मीच काढलेला.

जुन्या नाशकात, आमच्या चौकालगत माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं, रोलचा जमाना. पोटासाठी लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो. हौसेसाठी सगळं गाव. बुधवारचा बाजार, नदीवर धुणी आपटणाऱ्या बाया, बसची वाट बघत पेंगणारे मास्तर, जयंतीच्या मिरवणुकीतलं लेझीम. ‘इकडे बघा, हसा’ म्हणायचा मला मनापासून कंटाळा. सांगून हसलेलं हसू लग्नात रग्गड मिळायचं. म्हणून मी वर्षभर वाट बघायचो ती रंगपंचमीची.

बाहेरच्यांना रहाड समजावून सांगावी लागते. आमच्या चौकात रस्त्याखाली दगडी बांधणीचा मोठा हौद आहे. एरवी त्यावरून रिक्षा धावतात, कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. रंगपंचमीच्या आधी माती उपसून, फळ्या काढून तो उघडतात, पाण्यानं भरतात आणि फुलं उकळून केलेला रंग त्यात ओततात. आमच्या रहाडीचा रंग केशरी. पूजा झाली की माणसं काठावरून धडाधड उड्या मारतात. बाहेर येतो तो नखशिखांत केशरी. डॉक्टर, हमाल, सासरा, जावई, सगळे एका रंगाचे. बायको नवऱ्याला ओळखत नाही, अशी आमच्याकडे थट्टाच आहे. मी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून समोरच्या काठावर पोटावर पडायचो.

नंतर ते फोटो दुकानाच्या काचेत लावायचे. नाव नाही, गाव नाही. लोक यायचे, ‘हा मी’, ‘हट्, हा तर आमचा दादा’ असं भांडायचे आणि आपापला फोटो घेऊन जायचे. ओळख ज्याची त्यानं पटवायची, ही आमची पद्धत. त्यात कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी एक फोटो मात्र कुणीच नेला नाही. आला होता झकास. एक पोरगा हवेत, पाय थेट माझ्या अंगावर आलेले आणि म्हणून जरा पुसट, डोळे घट्ट मिटलेले, तोंडभर हसू. पावसाळा सरता सरता मागच्या गल्लीतल्या एक मावशी दुकानात आल्या. नवरा आधीच गेलेला, आणि आता एकुलता एक मुलगा काविळीनं गेला होता. भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा होता. घरात होता तो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, भेदरलेला. तोच मोठा करून द्या म्हणत होत्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष काचेकडे गेलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा माझाच की!"

मुलगा दर वर्षी रहाडीत उडी मारायचा, हे मलाही माहीत होतं. मी फोटो मोठा करून, फ्रेम करून दिला. त्यांनी तो चंदनाचा हार घालून समोरच्या भिंतीवर लावला. दुकानावरून जाताना सांगायच्या, "घरात कुणी हसतंय असं वाटतं हो." मला फार बरं वाटायचं. आयुष्यात काढलेला हाच एक फोटो खऱ्या कामी आला, असंसुद्धा वाटायचं.

त्याची एक प्रत मी माझ्यासाठी काउंटरमागे टांगली होती. थंडीत एक तरुण पासपोर्टचा फोटो काढायला आला. विंचूरला कांद्याच्या बाजारात कामाला होता. स्टुलावर बसला, मी दिवे लावले, आणि हा कॅमेऱ्यात बघायचं सोडून माझ्या डोक्यावरून मागे बघत राहिला.

"भाऊ, त्यो मी हाय."

"कोण?"

"त्यो उडी मारणारा. मामाकडं आलो होतो ना रंगपंचमीला."

असं सगळ्यांनाच वाटतं, मी हसून म्हटलं. तर त्यानं चप्पल काढली आणि डावा पाय उचलून सरळ माझ्या काउंटरवर ठेवला. करंगळी अर्धीच होती. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेलेली. मी भिंग आणलं आणि फोटोतल्या पुसट पायावर धरलं. तिथंही करंगळी अर्धीच होती. इतके महिने तो पाय माझ्या नाकासमोर होता आणि मी नुसतं हसू बघत बसलो होतो.

"अरे देवा," माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशींनी तर ह्याला हार घातलाय."

मग सगळंच सांगावं लागलं. तो पांढराफटक पडला. "मी जित्ता असताना हार? भाऊ, माझ्या आईच्या कानावर गेलं तर ती अन्नाला शिवायची नाय. लय वाईट असतं ते. चला, घर दाखवा, आधी उतरवू त्यो फोटो."

मी त्याला थोपवायला बघितलं, मी बोलतो त्यांच्याशी, उद्या बघू म्हटलं, तो ऐकेना. नाइलाजानं दुकानाचं शटर ओढून निघालो. त्या घरात हसणारं तेवढंच एक उरलं होतं, आणि आम्ही ते उचलून आणायला चाललो होतो.

मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. या या म्हणाल्या. "हा विंचूरचा, हा पण आपल्या रहाडीत उडी मारतो," एवढंच मी बोललो.

फोटोकडे हात करताना त्यांचा चेहरा असा उजळला! "म्हणजे ओळखत असशील तू ह्याला."

तो भिंतीकडे बघत होता. त्याचाच केशरी चेहरा, वर हार, खाली उदबत्ती. त्याचे ओठ हलले. आता बोलला, असं वाटून मी मान खाली घातली.

पण मावशीच बोलत राहिल्या. "बघ ना, डोळे गच्च मिटून मारतोय. लहानपणापासून हे असंच. किती ओरडले असेन मी, खाली कुणी असेल, लागेल, बघून मार रे. ऐकेल तर शपथ. तूही असाच मारतोस का?"

"हां, मावशी." तो म्हणाला.

"नको रे बाळा. डोळे उघडे ठेवत जा. घरी आई असते ना? जा, नमस्कार कर त्याला, मी चहा टाकते."

तो उठून फोटोपाशी गेला. हार ओढणार, असं मला वाटलं. त्यानं हात जोडले.

चहा घेऊन बाहेर पडलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो भिंतीला टेकून उभा राहिला. "राहू द्या तिथंच," तो म्हणाला. "तुमच्या दुकानातला तेवढा उतरवा." मी परत येऊन आधी तेच केलं.

रंगपंचमीला तो आला. मी नेहमीसारखा काठावर पडलेलो. त्यानं मला बघितलं, आणि डोळे टक्क उघडे ठेवून उडी मारली. चेहऱ्यावर हसूबिसू काही नाही, विहिरीत पडणाऱ्या माणसासारखा घाबरलेला. फोटो म्हणून फसलाच म्हणायचा. तरी मी तो काचेत लावला.

मावशी काचेपुढे थांबल्या. तीच अंगकाठी, तीच उडी, तेच पाय. त्या बघत होत्या आणि मी काउंटरमागून त्यांच्याकडे बघत होतो.

"हा तो विंचूरचा ना?" त्या म्हणाल्या. "ऐकलं हो पोरानं. ह्याचीही एक प्रत द्या मला, त्याच्या शेजारी लावते. ह्याला हार नाही हं, नुसती फ्रेम."

मी ‘देतो’ म्हणालो. फ्रेम करताना पायांकडची कड तेवढी कापून टाकली.