चिमा कुणाची

हेमा मुळ्ये हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पण रविवारी सकाळी दहाला टीव्हीसमोर बसणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तिची वाक्यं तुम्ही पाच वर्षं ऐकली आहेत.

ती रत्नागिरीत आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होती. मी तिथेच मराठी शिकवायचो. प्राध्यापक प्रकाशाचे नियम सांगायचे आणि भिंग कुठल्या कपाटात आहे ते हेमाला ठाऊक असायचं. प्रयोग फसायला लागला की मागून हळूच एखादी तार सारखी करून ती निघून जायची. आमच्या हौशी नाटकमंडळातही तिचं काम विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करण्याचं. उन्मेष आठल्ये आमचा नायक. त्याला वाक्यं पाठ होत नसत, आणि हेमा नसती तर तो पहिल्या अंकातच उघडा पडला असता. पुढे तो मुंबईला जाऊन टीव्हीत स्थिरावला. हेमालाही चल म्हणाला होता. पण तिची आई नुकतीच गेली होती आणि आप्पा, म्हणजे तिचे वडील, घरात एकटे होते. ती गेली नाही. त्याबद्दल ती कधी हळहळल्याचं मला आठवत नाही.

२०११ साली उन्मेषची 'अकरावी दिशा' ही मालिका सुरू झाली. आचार्य नावाचा शास्त्रज्ञ आपल्या यंत्रात बसून काळाच्या मागेपुढे हिंडतो, अशी गोष्ट. दर रविवारी नवं शतक, नवं संकट. पुढच्याच वर्षी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं करायला सगुणा धनावडे हेमाकडे राहायला आली. ती कोल्हापूर रस्त्यावरच्या पालीच्या पलीकडच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला, गणपती आणि शिमग्याला येणारा. मुलगी सासूजवळ. आठवडाभर सगुणा आप्पांना उठवायची, बसवायची, भरवायची, आणि रविवारी दुपारच्या गाडीने एका रात्रीपुरती घरी जायची. त्याआधी सकाळी ती आणि आप्पा मिळून मालिका बघत.

सगुणा गप्प बसून बघणारी नव्हती. आचार्य ग्रहताऱ्यांवर बोलायला लागला की ती विचारायची, "ह्यो मानूस जेवतो कदी?" मग म्हणायची, ह्याला घरी वाट बघणारं कुणी नाही काय. एकदा तो सैन्यासमोर निधड्या छातीने उभा राहिला, तर ती म्हणाली की ह्याला मरायचं नाहीच हे ह्याला ठाऊक आहे, त्यात शूर कसला. आप्पांची जीभ जड झाली होती, पण ते पोट हलेपर्यंत हसायचे. हेमा आत भाजी चिरत असायची. तिचा हात मात्र थांबलेला असायचा.

मालिका दुसऱ्या वर्षी घसरली. उन्मेष चार दिवस रत्नागिरीत आला तेव्हा आम्ही तिघं भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूबनात जाऊन बसलो. तो काळजीत होता. लोकांना शास्त्र कळत नाही, आचार्यांबरोबर कुणीतरी हवं, असं चॅनेलचं म्हणणं होतं. एखादी देखणी मुलगी आणायची, ती 'आचार्य, हे काय?' असं विचारेल आणि तो समजावून सांगेल.

"बॅटरी धरायला हवी असेल तर स्टँड घे," हेमा म्हणाली.

एरवी तासाला दोन वाक्यं बोलणारी हेमा त्या दिवशी अंधार पडू लागेपर्यंत बोलत राहिली. तिचं म्हणणं असं होतं, की ज्याला सगळं माहीत आहे त्याच्या शेजारी प्रेक्षकाला बसायला जागाच नसते. सोबतीण ती जागा करून देते. पण त्यासाठी तिला स्वतःचं काम हवं, मागे सोडून आलेलं घर हवं, चुलीवर काहीतरी ठेवून ती निघालेली हवी. आचार्य चुकला तर तसं तोंडावर म्हणता आलं पाहिजे, आणि तीनदा म्हटलं तर एकदा तरी ती बरोबर निघाली पाहिजे. शिवाय दहा-दहा वर्षं चालणाऱ्या मालिकेत नायक बदलता येत नाही. लोक त्याला जसाच्या तसा बघायला येतात. मग वय कुणाचं व्हायचं, शहाणपण कुणाला यायचं? ते सोबतिणीला यायला हवं. आणि कधीतरी तिचं मन भरलं, की तिने आपल्या पायांनी घरी जायला हवं.

उन्मेषने खिशातून डायरी काढून हे उतरवून घेतलं. त्याला वाक्य लक्षात राहत नाही हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशी चिमा आली. भातलावणी करणारी, कोकणातली, तिशीची बाई. वाट चुकलेलं आचार्यांचं यंत्र तिच्या कोपऱ्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरतं. आचार्य तिला हजार वर्षांपुढचं जग दाखवायला निघतो, तेव्हा ती चिखलाचे पाय न धुता विचारते, दिवेलागणीच्या आत परत सोडशील काय, म्हस बांधायची आहे. हे वाक्य महाराष्ट्रभर गेलं. माझे विद्यार्थी परीक्षेआधी एकमेकांना 'म्हस बांधायची आहे' म्हणायचे. पुढची पाच वर्षं चिमाच्या तोंडचा शब्द न् शब्द हेमाने लिहिला, कॉलेज सुटल्यावर, प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसून. मालिकेच्या शेवटी 'संवाद सहाय्य: हे. मुळ्ये' अशी ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत सरकून जायची. तिची तक्रार नव्हती. रविवारी सगुणा काहीतरी विचारायची आणि महिन्या-दीड महिन्याने चिमा तेच विचारायची. आप्पांना ते कळत असणार. आम्हा बाकीच्यांना कळलं नाही, कारण आम्ही त्या घरात रविवारी सकाळी नसायचो.

२०१८ मध्ये चॅनेलवर नवी माणसं आली. त्यांना आधी चिमा आचार्यांच्या प्रेमात पडायला हवी होती. हेमाने ते लिहायला नकार दिला. मग ती आचार्यांचा जीव वाचवताना मरावी असं ठरलं, तीनशेव्या भागात, मोठ्या जाहिरातीसकट. हेमाने उन्मेषला तीन पानी पत्र पाठवलं. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं होतं. त्यातली एक ओळ मी विसरलो नाही: 'सोबतीण मेली की नायक रडतो, म्हणजे तिचं मरणसुद्धा त्याच्याच कामाला येतं.' उन्मेषने फोन करून सांगितलं की तुझं पटलं, मी बघतो. पुढचे दोन महिने त्याने तिच्याकडे काही मागितलंच नाही.

तीनशेवा भाग हेमा, सगुणा आणि आप्पांनी एकत्र बघितला. चिमा आचार्यांच्या मांडीवर मेली. मरताना 'आचार्य, तुम्ही थोर आहात' असं काहीतरी म्हणाली. हे मला हेमाने नंतर सांगितलं, आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट असावी तसं. भाग संपल्यावर सगुणा आप्पांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मला मारल्यानी."

सगुणाला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. म्हशीचं वाक्य तिचंच होतं. कामाला आली त्या पहिल्याच आठवड्यात, आणखी एक दिवस थांबतेस का, असं विचारल्यावर तिने हेमाला दिलेलं उत्तर. मालिका बघून वाडीत तिला चिमा म्हणूनच हाक मारत. चिमा म्हणजे माझी आई, असं तिच्या मुलीने शाळेत सांगितलं तर मास्तरांनी खोटं बोलू नको म्हणून तिला उभं केलं होतं.

"तू बोलली का नाहीस?" हेमाने विचारलं.

"तुमी सांगाल म्हून थांबले, ताय."

पाच वर्षं थांबली होती. आणि त्याच पाच वर्षांत हेमाने चिमाच्या तोंडी लिहिलं होतं की बाईचं श्रेय बाईनेच गिळलं तर ते बाहेर काढणार कोण. हे वाक्य फार गाजलं होतं. ते लिहिताना आपण स्वतःच श्रेय गिळणाऱ्यांच्या पंक्तीला बसलो होतो, हे हेमाला त्या रविवारी कळलं.

नोव्हेंबरात गावाने उन्मेषचा सत्कार केला. हेमा यायला तयार नव्हती, मीच आग्रह केला. आम्ही चौथ्या रांगेत बसलो होतो. 'चांगली सोबतीण कशी घडते' हा त्याच्या भाषणाचा विषय होता. स्वतःचं काम, मागे सोडलेलं घर, चुलीवर ठेवलेलं काहीतरी, आपल्या पायांनी परत जाणं. भाट्यावरची सगळी वाक्यं एकामागून एक आली, शब्दसुद्धा बदललेले नव्हते. चिमाला ज्याने मारलं, तोच सांगत होता की सोबतिणीला कधी मारू नये, मीही जड अंतःकरणाने मारली. लोक हळहळले. टाळ्या पडल्या. मग त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि तो म्हणाला, "ही आमची हेमा, आमच्या मंडळाची जुनी प्रॉम्प्टर. हेमा, जरा उभी राहा."

ती उभी राहिली. सगळं सभागृह वळून बघत होतं. ती हात जोडून उभी राहिली आणि खाली बसली. रिक्षात मला म्हणाली, "त्याने काय केलंन ते राहू दे. मी उभी का राहिले?"

त्यानंतर पंधरा दिवसांत तिने एकांकिका लिहिली. चिमा मरत नाही, आचार्यांच्या यंत्रातून उतरते आणि घरी येते. घरी काय काय बदललंय ते बघते, आणि मागून आलेल्या आचार्यांना दारातूनच परत पाठवते. संहितेच्या पहिल्या पानावर तिने आधी लिहिलं 'मूळ बोल: सगुणा धनावडे' आणि त्याखाली आपलं नाव. हे सगुणाला विचारून लिहिलं. सगुणा 'लिवा' म्हणाली. जानेवारीतल्या स्पर्धेसाठी आम्ही ती बसवायला घेतली. दिग्दर्शन माझं. चिमाच्या भूमिकेला अक्षया, आमच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. ती संध्याकाळी हेमाकडे जाऊन सगुणाजवळ बसायची. उकिडवं कसं बसायचं, रागावल्यावर पदर कुठे खोचायचा, न ओरडता भांडायचं कसं, हे सगुणा तिला दाखवायची. हेमा म्हणाली, इतक्या वर्षांत सगुणाला इतक्या खुशीत मी बघितलेलं नव्हतं.

प्रयोगाला आठ दिवस असताना चॅनेलच्या वकिलाची नोटीस आली. चिमा हे पात्र, तिचं नाव, तिची बोलण्याची ढब, सगळं चॅनेलच्या मालकीचं. एकांकिका झाली तर मंडळावर आणि संयोजकांवर दावा. संयोजक घाबरले. नाव बदला, रखमा करा, असं त्यांनी सुचवलं. मलाही ते बरं वाटलं आणि तसं मी हेमाला सांगितलं. तिने साफ नकार दिला.

तिने माझ्यासमोरच उन्मेषला फोन लावला. तो अस्वस्थ होता, पण म्हणाला ते स्पष्ट होतं. "हेमा, करारात पात्र चॅनेलचं आहे. ते माझंही नाही."

"तुझं नव्हतंच," हेमा म्हणाली. "माझंही नव्हतं. पण बोलण्याची ढब? ती एका जिवंत बाईची आहे. ती घरात बसून भात जेवत्येय. तिने आता कुणाला विचारून बोलायचं?"

तो म्हणाला, वकिलांशी बोलून बघतो. परत फोन आला नाही.

शेवटी मी प्रवेशिका मागे घेतली. मंडळ पुन्हा चिमाचं नाव वापरणार नाही असं हमीपत्र चॅनेलने मागितलं होतं, त्यावर सही माझी आहे. बाकीच्या बारा जणांच्या डोक्याला ताप नको, असं मी स्वतःला सांगितलं. हे सगुणाला सांगायला हेमा गेली. सगुणा आप्पांना पेज भरवत होती. तिने ऐकून घेतलं, आप्पांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हशीचं लिवायच्या आदीच इचारलं असतात, तर मी नाय म्हनाले असते. मग ह्यातलं कायच झालं नसतं." त्यानंतर ती टीव्हीच्या खोलीत रविवारी बसली नाही. आप्पा हाक मारायचे, तरी नाही.

आप्पा मार्चमध्ये गेले. तेराव्यापर्यंत सगुणा राहिली, घर झाडून पुसून दिलं आणि आपली पिशवी घेऊन गेली. हेमाने तिला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होती.

दोन वर्षांनी चॅनेलला चिमा परत हवी झाली. प्रेक्षक मागत होते. चॅनेलमधल्या एका तरुण मुलीचा फोन हेमाला आला, चिमाच्या चेहऱ्याचं यंत्र आचार्यांनी बनवलंय, त्याला बोलतं करायचंय, तुम्ही लिहाल का. हेमाने सांगितलं की हक्क माझा नाही, सगुणा धनावडे यांना विचारा, आणि सगुणाचा नंबर दिला. मुलीने तो उतरवून घेतला. सगुणाला कुणी फोन केला नाही. यंत्र-चिमा आली, आठ महिने आचार्यांना हो हो म्हणत राहिली, आणि मालिका बंद पडली. उन्मेष आता कुठल्याशा संस्थेत पटकथा शिकवतो. सोबतीण या विषयावर त्याचं व्याख्यान चांगलं होतं असं म्हणतात.

हेमाने मुदतीआधी निवृत्ती घेतली. गेल्या वर्षी एकदा ती कोल्हापूरच्या गाडीने पालीला उतरली. सगुणा आता तिथे बाजारात आपल्या मुलीबरोबर घावणे आणि चहाचं छोटं दुकान चालवते. हेमाला बघून तिने बाक पुसून दिलं, न मागता दोन घावणे आणि चटणी समोर ठेवली, तब्येत विचारली. मग दुसरी गिऱ्हाइकं आली. सगुणा त्यांच्याशी बोलायला लागली, कुणाची तरी थट्टा केली, सगळे हसले. हेमा तिकडे बघत खात होती. तिच्या लक्षात आलं की सगुणा बोलताना अधूनमधून थांबतेय, तिच्याकडे एक नजर टाकतेय, आणि मग आवाज खाली आणून बोलतेय.

हेमाने ताट तसंच ठेवलं आणि रत्नागिरीकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसली.