ती कॅसेट मीही ऐकली होती

त्या घटनेची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर पोलीस ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकली आणि एक ओळखीचा गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या खोलीत आला. त्याची बायको कळसला माहेरी राहत होती. बारामतीच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा चालू होता आणि पाच वर्षांच्या मुलीचा ताबा दोघांनाही हवा होता.

"साहेब, हिचं फोनवरचं बोलणं ऐका," म्हणत त्याने कॅसेट लावली. ती बहिणीशी बोलत होती, रडत होती. "आक्का, वाटतं, पोरीला हितंच टाकून कुठंतरी निघून जावं." त्याने लगेच टेप बंद केला.

"अशा बाईच्या हाती पोर द्यायची व्हय?"

हे बोलणं तुझ्या हाती आलं कसं, हा प्रश्न नवा शिपाईसुद्धा विचारतो. मी विचारला नाही. नवरा-बायकोच्या भांडणात नवऱ्याचं खरं मानायची खोड मलाही होती. "वकिलाला द्या, कामाला येईल," असा शहाणपणा मात्र शिकवला.

पंधरवड्याने तिचे वडील, तात्या, ठाण्यात आले. "साहेब, शेजारच्या रानातल्या हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खांबावरनं नवी तार गेलीया. इजेची न्हाय, फोनची हाय. मोटारीला कशाला फोन लागतोय?"

पंच घेऊन गेलो. खोलीचं कुलूप तोडलं तर आत तात्यांच्या फोनच्या तारेला जोडलेला टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला. फोनचा लाइनमन नवऱ्याचा दोस्त निघाला. कमरेला पट्टा बांधून कोणी खांबावर चढला तर गावात कोण हटकतो? अर्ध्या तासात त्याने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याला वाटत होतं, आपल्याच बायकोचं बोलणं ऐकण्यात कसला गुन्हा? चोरून फोन ऐकणं हा तार कायद्याखाली गुन्हा आहे, मग फोन बायकोचा का असेना, हे त्याला कोठडीत कळलं.

जबाब घेताना तो म्हणाला, "साहेब, तुमीच म्हणला न्हवता का, वकिलाला द्या?"

हवालदाराचा पेन थांबला. "ते लिहू नका," मी म्हणालो. त्याने लिहिलं नाही.

नवऱ्याकडची ती कॅसेटही जप्त झाली. या वेळी मी ती पुढेही ऐकली. "...पण ती झोपंत माझा पदर धरती, आक्का. पाय उचलत न्हाय." मी ऐकलेलं वाक्य अर्धंच होतं, आणि तेवढ्यावर मी एका आईची लायकी ठरवून मोकळा झालो होतो.

मुलगी आईकडेच राहिली. निकालानंतर ती मुलीला घेऊन ठाण्यात आली. जरा घुटमळली.

"साहेब, ती कॅसेट लई जणांनी ऐकली आसंल. तुमी कवा ऐकली?"

"जप्त केल्यावर," मी म्हणालो.

आरोपीचं खोटं पकडण्यात माझी सारी नोकरी सरली. माणूस सगळ्यात सफाईने खोटं बोलतो ते स्वतःची अब्रू वाचवायला, हे त्या दिवशी मला स्वतःवरून कळलं.

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "मग बरं. तुमच्यामुळं पोर राहिली माझी," म्हणत ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.